त्याच पानावरचं दहावं वचन

आजचा पाठ : १ तीमथ्य, अध्याय १, वचने ८ ते १७



आजचा पाठ मी आतापर्यंत वीसेक वेळा तरी वाचला असेल. प्रत्येक वेळी थांबतो ते पंधराव्या वचनावर. पौल सगळ्या पाप्यांमध्ये स्वतःला पहिल्या नंबरवर ठेवतो, ते वचन. माझ्या बायबलमध्ये त्यावर पिवळा हायलाइट आहे आणि बाजूला पेन्सिलने तारीख लिहिलेली आहे. दहाव्या वचनाला मात्र कसलीच खूण नाही. तिथे पौलाने एक यादी दिली आहे, नियमशास्त्र कोणाकोणासाठी आहे त्याची. आईबापांना मारणारे, खोटी शपथ घेणारे वगैरे. आणि त्यातच माणसांना पळवून नेणारे, म्हणजे माणसांचा धंदा करणारे. यादी दिसली की आपण स्क्रोल करतो. मी तर करतोच.

दहा आणि पंधरा. मध्ये फक्त पाच वचनांचं अंतर. पण एका माणसाला हे अंतर कापायला जवळजवळ सगळं आयुष्य लागलं. आज त्याच्याबद्दल लिहितोय. नाव जॉन न्यूटन. (गुरुत्वाकर्षणवाला नव्हे, तो आयझॅक. आमच्या युथ ग्रुपमध्ये हे दरवेळी सांगावं लागतं.) 'अमेझिंग ग्रेस' हे गीत ज्याने लिहिलं तो.

त्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. गुलामांच्या जहाजाचा कप्तान, समुद्रात वादळ, देवाचा धावा, पश्चात्ताप, धंदा सोडला, गीत लिहिलं. मी स्वतः ही गोष्ट दोनदा अशीच सांगितली आहे, एकदा तर गिटारसकट. मग मागच्या वर्षी त्याचं चरित्र नीट वाचायला घेतलं आणि तारखा जुळेनात. आमच्या कामात काही बिघडलं की आम्ही आधी टाइमस्टॅम्प बघतो, कुठली गोष्ट आधी घडली आणि कुठली नंतर. तसं केलं तर न्यूटनची गोष्ट अशी दिसते : वादळ १७४८ चं. कप्तान तो झाला त्यानंतर, १७५० मध्ये. गीत १७७३ चं. आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याचं पहिलं जाहीर लिखाण १७८८ चं. म्हणजे देवाने वाचवल्यानंतर तो कप्तान झाला. त्या धंद्याला पाप म्हणायला आणखी कितीतरी वर्षं गेली.

आता सुरुवातीपासून सांगतो.

न्यूटन जन्मला २४ जुलै १७२५ ला, लंडनच्या वॉपिंग भागात. थेम्स नदीकाठची खलाशांची वस्ती. वडील जहाजावर कप्तान, भूमध्य समुद्रात व्यापाराला जायचे, त्यामुळे घरी क्वचितच. आई एलिझाबेथ भक्त बाई होती. तिने एकुलत्या एक मुलाला जवळ बसवून वचनं पाठ करून घेतली, गीतं शिकवली. पण तिला क्षय होता. मुलगा सात वर्षांचा व्हायला काही दिवस असताना ती वारली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. अकराव्या वर्षी पोरगा वडिलांबरोबर जहाजावर चढला.

तिथून पुढे सगळी घसरणच. सतराव्या वर्षी तो मेरी कॅटलेट नावाच्या मुलीच्या प्रेमात पडला. ती तेव्हा चौदाचीही नव्हती. तिच्या घरी इतके दिवस रेंगाळला की जमैकाला जाणारं जहाज चुकलं. पुढे नौदलाच्या लोकांनी त्याला जबरदस्तीने भरती केलं, 'हार्विच' या युद्धनौकेवर. तिथून तो पळाला, पकडला गेला, सगळ्यांसमोर फटके खाल्ले, हुद्दाही गेला. शेवटी मदीरा बेटाजवळ त्याला एका व्यापारी जहाजावर देऊन टाकलं. ते जहाज पश्चिम आफ्रिकेला चाललं होतं, गुलाम आणायला.

तिथल्या प्लँटेन बेटांवर तो एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याकडे नोकरीला राहिला. आजारी पडला. मालकाच्या बायकोने त्याला उपाशी ठेवलं, मालकाने चोरीचा आळ घेतला. अंगावर एकच सदरा, खायला जेमतेम. या काळातल्या दोन गोष्टी मला विसरता येत नाहीत. एक म्हणजे त्याच्याजवळ युक्लिडच्या भूमितीचं पुस्तक होतं. ते घेऊन तो किनाऱ्यावर जायचा आणि काठीने वाळूत आकृत्या काढायचा. पहिले सहा भाग त्याने असे शिकून घेतले. इंजिनिअरिंगला फर्स्ट इयरला दोन केट्या लागलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून लाज वाटली.

दुसरी गोष्ट त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. तो भुकेने अर्धमेला असताना त्याला चोरून अन्न कोणी दिलं? तिथे साखळदंडात बांधून ठेवलेल्या गुलामांनी. त्यांच्या स्वतःच्या तुटपुंज्या वाट्यातून.

हे लक्षात ठेवा. मला वाटतं देवाचा पहिला हस्तक्षेप हाच होता, आणि न्यूटनने तो तसा मोजला नाही.

वडिलांनी लिव्हरपूलच्या एका ओळखीच्या जहाजमालकाला मुलाचा शोध घ्यायला सांगितलं होतं. त्याचं 'ग्रेहाउंड' नावाचं जहाज १७४७ मध्ये न्यूटनला घेऊन निघालं. त्यावर गुलाम नव्हते. सोनं, हस्तिदंत, मेण आणि रंगासाठी लागणारं लाकूड होतं. न्यूटनचं तोंड या काळात इतकं घाण होतं की खलाशीसुद्धा कंटाळले. नेहमीच्या शिव्या पुरेनात म्हणून तो नव्या रचायचा आणि देवाची थट्टा करायचा. कप्तानाला तर वाटायला लागलं, की आपण जहाजावर योनाच घेतलाय.

मार्च १७४८. वेळ जात नव्हता म्हणून त्याने 'ख्रिस्तानुकरण' हे पुस्तक उघडलं. वाचता वाचता एक विचार आला : हे सगळं खरं असेल तर? त्याने पुस्तक मिटून टाकलं. त्यानंतर लगेचच, रात्री, लाटेने जहाजाची एक बाजू फोडली. तो वर धावत होता, तेवढ्यात कप्तानाने त्याला चाकू आणायला परत पाठवलं. त्याच्याऐवजी जो वर गेला तो लाटेबरोबर समुद्रात गेला. पहाटे तीनपासून दुपारपर्यंत न्यूटन पंप मारत होता. भोकांमध्ये कपडे, अंथरुणं कोंबून वर फळ्या ठोकल्या. त्या गडबडीत त्याच्या तोंडून सहज निघून गेलं, की आता प्रभूनेच दया करावी. आणि स्वतःचेच शब्द ऐकून तो चपापला. कितीतरी वर्षांत त्याने दयेचं नाव घेतलं नव्हतं. माझ्यासारख्यावर कसली दया?

जहाज बुडालं नाही, कारण आतलं मेण आणि लाकूड पाण्यापेक्षा हलकं होतं. देव कधीकधी पदार्थविज्ञानाच्या नियमातूनच काम करतो, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो. चार आठवड्यांनी, शेवटचं अन्न चुलीवर शिजत असताना, ते आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले. तोवर सुकाणू धरून तासन् तास उभं राहताना त्याला आईने पाठ करून घेतलेली वचनं एकेक आठवत गेली होती. २१ मार्च हा दिवस पुढे तो दरवर्षी उपास आणि प्रार्थनेत घालवायचा, म्हातारपणापर्यंत.

शिव्या सुटल्या. कायमच्या. साक्ष द्यायची तर इथे थांबता येतं. आपण बरेचसे इथेच थांबतो.

पण त्याच वर्षी तो 'ब्राऊनलो' जहाजावर मेट म्हणून निघाला, कप्तानाच्या खालोखालचा हुद्दा. आणि हे गुलामांचंच जहाज होतं. आफ्रिकेला पोचेपर्यंत प्रार्थना सुटली होती, वचन सुटलं होतं. त्याने स्वतः कबूल केलंय, की शिव्या सोडल्या तर बाकी सगळ्या बाबतीत तो जवळजवळ पहिल्यासारखाच झाला होता. वाळवंटातले इस्राएली आठवतात ना, समुद्र दुभंगलेला पाहिला आणि थोड्या दिवसांत वासरू ओतलं. मग ताप आला, जोरदार. आणि तो कुठे, तर त्याच प्लँटेन बेटांवर. अंगात त्राण नसताना तो एका एकांत जागी गेला आणि त्याने स्वतःला देवाच्या स्वाधीन केलं. या वेळी वचन दिलं नाही, नवस केला नाही. तुला हवं ते कर, एवढंच. तो बरा झाला. त्याच सफरीत एकदा तो होडीतून निघायच्या बेतात होता, कप्तानाने काही कारण न देता त्याला परत बोलावलं आणि दुसऱ्याला पाठवलं. त्या रात्री होडी बुडाली आणि तो दुसरा माणूस मेला.

न्यूटनने यात देवाचा हात पाहिला, मीही पाहतो. पण मला त्या दुसऱ्या माणसाचा विचार येतो. आणि चाकूच्या वेळच्या त्या पहिल्याचाही. त्यांच्याही घरी कोणीतरी प्रार्थना करत असेल. याचं उत्तर माझ्याजवळ नाही आणि ब्लॉग लिहितो म्हणून ते असल्याचं नाटक मी करणार नाही.

१ फेब्रुवारी १७५० ला मेरीशी लग्न झालं. त्याच वर्षी तो 'ड्यूक ऑफ आर्गाईल' जहाजाचा कप्तान झाला. पुढच्या दोन सफरी 'आफ्रिकन' नावाच्या जहाजावर. लिव्हरपूलहून आफ्रिका, तिथून माणसं भरून वेस्ट इंडीज बेटं, तिथून परत लिव्हरपूल.

या काळात तो दोन वह्या लिहीत होता.

एक दैनंदिनी, १७५१ च्या अखेरीस सुरू केलेली. त्यात तो रोज आत्मपरीक्षण करायचा. प्रार्थनेत मन भरकटलं, फालतू गप्पांत वेळ गेला, बायकोवर देवापेक्षा जास्त प्रेम करतोय की काय. हे शेवटचं पाप त्याला वर्षानुवर्षं छळत राहिलं. तो पुन्हा पुन्हा पडायचा, पुन्हा पुन्हा क्षमा मागायचा. रविवारी खलाशांना एकत्र करून दोनदा उपासना घ्यायचा. फावल्या वेळात लॅटिन शिकायचा. मेरीला लांबलचक, प्रेमळ पत्रं लिहायचा.

दुसरी वही म्हणजे जहाजाचं लॉगबुक. आज ते ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहे आणि छापलेलंही आहे. अक्षर तेच, माणूस तोच. वारा कुठला, पाणी किती, आज किती माणसं विकत घेतली, किती नाकारली, बदल्यात काय दिलं. कोणी मेलं की त्याचा आकडा लिहायचा आणि प्रेत समुद्रात. नाव कुणाचंच नाही. एकदा उठावाचा संशय आला तेव्हा त्याने काही मुलांना बेड्या घातल्या आणि अंगठे पिळायच्या स्क्रूने त्यांच्याकडून माहिती काढली. हे त्याने शांतपणे लिहिलंय, शीड दुरुस्त केल्याची नोंद करावी तसं.

१७५३ च्या जानेवारीतली एक नोंद आहे. एका खलाशाने डेकवर सगळ्यांदेखत एका गरोदर बाईवर बलात्कार केला. न्यूटनने त्या खलाशाला बेड्या ठोकल्या. म्हणजे बघा, त्याला चूक काय हे कळत होतं. बाईला काही झालं तर जबाबदार हाच, असंही त्याने लिहिलं. आणि त्याखाली तिची ओळख म्हणून आकडा लिहिला : ८३.

मी त्या आकड्यापाशी बराच वेळ थांबलो होतो. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, दुसऱ्या दिवशी डेमो होता.

हे ढोंग असतं तर मला सोपं गेलं असतं. ढोंगी माणूस आपल्याला ओळखता येतो, आणि आपण तो नाही असं म्हणता येतं. पण न्यूटन ढोंगी नव्हता. तो खरंच प्रार्थना करत होता आणि देव खरंच ऐकत होता. तो पापाशी रोज झगडत होता. फक्त ज्या पापाशी झगडत होता ते पहिल्या वहीत होतं. दुसरी वही ही नोकरी होती. पुढे १७६४ मध्ये त्याने आपली जीवनकथा छापली, त्यात हे सरळ लिहिलंय : त्या काळात या धंद्याबद्दल मनाला कधी टोचणी लागली नाही. आपण एक प्रकारे तुरुंगाधिकारीच आहोत, सारख्या बेड्या आणि साखळ्या बघाव्या लागतात, याचा कंटाळा यायचा. म्हणून जरा माणुसकीचं काम मिळावं अशी प्रार्थना तो करायचा. पण कंटाळा वेगळा आणि पाप वेगळं. देशाचा कायदा मान्य करत होता, मंडळीतले प्रतिष्ठित लोक त्यात पैसे गुंतवत होते. पौलाच्या पत्रातलं पंधरावं वचन त्याचं आवडतं. देवाची निंदा करणारा पौल, तेराव्या वचनातला, म्हणजे तर तो स्वतःच. आणि दहावं वचन त्याच पानावर होतं.

आता चहा.

नोव्हेंबर १७५४. 'बी' नावाचं नवीन जहाज तयार होतं, दोन दिवसांत निघायचं होतं. दुपारी न्यूटन मेरीबरोबर चहा पीत गप्पा मारत बसला होता. अचानक त्याला झटका आला आणि तो खाली पडला. तासभर श्वास सोडला तर जिवंतपणाची काही खूण नव्हती. शुद्धीवर आला पण डोकं दुखत होतं, गरगरत होतं. डॉक्टर म्हणाले, समुद्रावर जाणं धोक्याचं आहे. त्याने राजीनामा दिला. वय एकोणतीस. पुन्हा तो कधी जहाज घेऊन गेला नाही आणि तसा झटकाही, माझ्या वाचनात तरी, पुन्हा आला नाही. त्याच्या जागी जो कप्तान गेला तो त्या सफरीत मेला, बहुतेक अधिकारी आणि बरेच खलाशीही मेले.

मला हा हस्तक्षेप वादळापेक्षा मोठा वाटतो. वादळात त्याने देवाला हाक मारली होती. इथे कुठे मारली? त्याच्या मनात धंद्याविरुद्ध काही नव्हतं. बदली मिळावी एवढंच मागणं होतं, आपण एचआरकडे मागतो तसं. पश्चात्ताप झाला म्हणून त्याने धंदा सोडला असं झालंच नाही. देवाने त्याला आधी उचलून बाजूला ठेवलं, आणि कशातून बाजूला ठेवलं हे कळायला पुढची तेहतीस वर्षं दिली.

ती वर्षं भराभर सांगतो. लिव्हरपूल बंदरात जकात खात्यात नोकरी. ग्रीक, हिब्रू स्वतःच्या बळावर शिकला. १७६४ मध्ये दीक्षा झाली आणि ओल्नी या लेस विणणाऱ्या गरीब लोकांच्या गावी पाळक झाला. तिथे कवी विल्यम कूपर त्याचा शेजारी आणि जिवलग मित्र. कूपरला तीव्र नैराश्याचे झटके यायचे आणि न्यूटनने त्याला महिनोन् महिने स्वतःच्या घरात ठेवून सांभाळलं. १७७३ च्या नववर्षाच्या संदेशासाठी ते प्रसिद्ध गीत लिहिलं. चाल आज आपण म्हणतो ती नव्हती, ती अमेरिकेत कितीतरी नंतर, १८३५ मध्ये जोडली गेली. मग १७८० पासून लंडनच्या सेंट मेरी वूलनॉथ मंडळीत.

ते गीत लिहिताना तो आपलं कुठलं पाप आठवत होता? आपण सगळे समजतो गुलामांचा व्यापार. मला शंका आहे. तारीख बघता ते बहुतेक शिव्या, निंदा, तरुणपणीचा उर्मटपणा असणार. म्हणजे आपलं आंधळेपण गेलं असं त्याने लिहिलं, तेव्हाही एक डोळा उघडायचा होता. देवाने ते गीत तरीही वापरलं, आणि गुलामांच्याच वंशजांनी ते आपलं करून घेतलं. हे माझ्या तर्कात बसत नाही, पण मला ते आवडतं.

डिसेंबर १७८५ मध्ये सव्वीस वर्षांचा एक खासदार लोकांच्या नजरा चुकवून त्याला भेटायला आला. विल्यम विल्बरफोर्स. नव्याने विश्वासात आलेला, राजकारण सोडून द्यावं का म्हणून विचारायला. न्यूटनने सांगितलं, सोडू नकोस, देवाने तुला तिथेच ठेवलं असेल. दोन वर्षांत विल्बरफोर्सने गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा लढा अंगावर घेतला. आणि त्या लढ्याला एका साक्षीदाराची गरज होती, ज्याने हे सगळं आतून पाहिलंय असा.

न्यूटन आता साठी ओलांडलेला, सगळीकडे मान. गप्प बसला असता तर कोणी काही म्हटलं नसतं. पण त्याने १७८८ मध्ये आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापारावर एक पुस्तिका छापली. त्यात त्याने सगळं सांगितलं : डेकखाली कधी पाच फुटांपेक्षा थोडी जास्त, कधी त्याहून कमी उंची, त्यात माणसं दोन मजल्यांवर, फळीवर पुस्तकं लावावीत तशी खेटून. बायकांचं काय व्हायचं तेही. आणि सुरुवातीलाच कबुली दिली की हे सांगायला फार उशीर झालाय, जे नुकसान झालं ते आता भरून येणार नाही, आणि ज्या कामात आपण स्वतः हात घातला होता ते आठवून कायम लाज वाटत राहील. मग प्रिव्ही कौन्सिलपुढे साक्ष दिली, नंतर संसदेच्या समितीपुढेही. दुसरी वही त्याने अखेर पहिल्या वहीच्या नजरेने वाचली.

जाता जाता, आपल्याशी असलेला धागा. १७९३ मध्ये भारतात यायला निघालेला विल्यम केरी हा चांभारकाम केलेला उपदेशक न्यूटनला भेटून, त्याचा धीर घेऊन आला. त्याच केरीने बंगालमधल्या श्रीरामपूरला बसून १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि पुढे मराठी नवा करारही. आपण आज हा अध्याय आपल्या भाषेत वाचतो त्याच्या मुळाशी कुठेतरी तो म्हातारा कप्तानही आहे.

मेरी १७९० मध्ये गेली. न्यूटनची दृष्टी मंदावली, स्मरण गेलं, तरी तो उपदेश करतच राहिला. मार्च १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद केला. २१ डिसेंबर १८०७ ला न्यूटन प्रभूकडे गेला. ब्याऐंशी वर्षं.

आता माझं. हे लिहायचं की नाही यावर आठवडा गेला.

मीही एक वही लिहितो, फोनवर. राग किती वेळा आला, रात्री बाराच्या पुढे रील्स बघत बसलो का, शांत समय चुकला का. तीच तीच पापं, तीच तीच कबुली, सहा वर्षं. त्या वहीबद्दल तुम्हाला इथे अधूनमधून सांगतच असतो.

त्यातली काही वर्षं मी एका छोट्या कर्जाच्या ॲपवर काम करत होतो. कर्ज घेणाऱ्याच्या फोनमधली सगळी कॉन्टॅक्ट लिस्ट उचलून सर्व्हरवर आणणारा भाग माझा होता. पुढे हप्ता थकला की वसुलीवाले त्या यादीतल्या कोणालाही फोन करायचे : सासू, बॉस, शाळेतली मैत्रीण. मला हे माहीत होतं का? होतं. डॅशबोर्डवर दिसायचं. माझ्या वहीत ते कधी आलं नाही, कारण ते काम होतं. त्या पगाराचा दशांश मी नियमित दिला. गुलामांच्या जहाजाशी मी माझ्या कोडची बरोबरी करत नाहीये, तशी केली तर त्या माणसांचा अपमान होईल. मी फक्त दोन वह्यांबद्दल बोलतोय.

सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेचे नियम आले, कर्जाच्या ॲपने कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावायचा नाही. माझ्या नावावर तिकीट पडलं, मी कोड काढून टाकला. अर्ध्या दिवसाचं काम. काही वाटलं नाही. पुढच्या वर्षी नोकरी बदलली तीही पॅकेजसाठी.

त्याच्या आधी, २०२१ च्या पावसाळ्यात, आमच्या शनिवारच्या प्रार्थना गटात मंडळीतली एक बहीण रडली होती. तिच्या नवऱ्याने लॉकडाउनमध्ये फोनवरून कर्ज घेतलं होतं आणि आता तिच्या माहेरी, तिच्या शाळेत, सगळीकडे फोन जात होते, घाणेरड्या भाषेत. प्रार्थना मी चालवत होतो. तिच्यासाठी मी मोठ्याने, मनापासून प्रार्थना केली. ॲप कुठलं, हे विचारलं नाही.

मंगळवारी तिला मेसेज केला, की रविवारी उपासनेनंतर दहा मिनिटं तुमच्याशी आणि दादांशी बोलायचंय. तिचं उत्तर आलंय, चालेल, पण काही विशेष आहे का? त्यावर मी अजून काही लिहिलेलं नाही. माझ्यासाठी प्रार्थना करा.

उद्याचा पाठ : १ तीमथ्य, अध्याय २.